चंद्रपूरच्या उंच वास्तू

गगनचुंबी इमारत असे म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचा समुद्रकिनारा उभा राहतो. नरिमन पॉइंटवर १९७४ मध्ये पूर्ण झालेली एअर इंडियाची २३ मजली इमारत एकेकाळी नवलाची वाटे. आज तिच्या दुपटी-तिपटीने उंच इमारती त्या शहरात कितीतरी आहेत. चंद्रपूरच्या माणसास मात्र आपल्या शहरातील उंच वास्तू कोणत्या, असे विचारले तर तो मजले मोजावयास बसत नाही. तो प्रथम जटपुरा दरवाजाचे नाव घेतो, मग राजा बीरशहाची समाधी सांगतो आणि सरतेशेवटी, किंचित थांबून, दुर्गापूरकडील वीज केंद्राच्या धुराड्यांकडे बोट दाखवितो. या तिन्हींपैकी एकीतही कोणी राहत नाही. शहराची सारी उंची बिनवस्तीची आणि राहती घरे मात्र ठेंगणी, अशी ही जुन्या चांद्याची ठेवण आहे. तिला कारण आहे, आणि ते कारण जितके इतिहासातले तितकेच कायद्यातलेही आहे.

इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या बेचक्यात हे शहर वसले. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बल्लारपूरहून राजधानी येथे आणली, असे परंपरा सांगते. राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीच्या ओघात तो झरपटेच्या कोरड्या पात्रापाशी आला, तेथल्या एका डबक्यातील पाण्याने त्याने तोंड धुतले आणि त्या गाठी नाहीशा झाल्या. त्या जागी अंचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे एकदा कपाळावर चंद्रासारखा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्याच पाठीस लागलेला दिसला. ससा ज्या वाटेने वळणे घेत धावला त्या वाटेवर तट बांधावा, असा सल्ला राणीने दिला. आख्यायिका आख्यायिकेच्या ठिकाणी ठेवली तरी तटावरून चालणाऱ्यास एक गोष्ट पटते. हा तट सरळ रेषेत फारसा जात नाही. तो वळतो, आत येतो, पुन्हा बाहेर पडतो. सशाची वाट म्हणा, की नदीकाठचा चढउतार पाहून केलेली आखणी म्हणा!

तटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर आणि उंची साधारणपणे १५ ते २० फूट. तेल ठाकूर नावाच्या स्थापत्यकाराने त्याची आखणी केली, असे सांगतात. पाया खांडक्या बल्लाळशहाच्या काळात घातला गेला, हीरशहा आणि त्याच्या पुढच्या राजांनी काम पुढे नेले आणि धुंड्या रामशहाच्या काळात ते पुरे झाले. एका पिढीच्या आयुष्यात न मावणारे असे हे बांधकाम होते. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा हे चार दरवाजे. यांखेरीज चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड या नावांच्या पाच खिडक्या. दरवाजातून राजाची स्वारी जावी, खिडकीतून पाणक्याने, गुराख्याने आणि प्रेतयात्रेने जावे, अशी ही वाटणी असावी; निदान मसाण खिडकीचे नाव तरी तेच सांगते.

उंचीचे माप फुटांत काढले तर जटपुरा दरवाजा आजच्या चार मजली इमारतीपुढे लहानच ठरेल. तरीही चंद्रपूरकराच्या मनात तो शहरातील सर्वांत उंच आहे, आणि ते अगदीच भावनेपोटी नव्हे. दरवाजाच्या दोन्ही अंगांना भरभक्कम बुरूज आहेत आणि मधली कमान अरुंद आहे. मोकळ्या रस्त्यावरून येणारा माणूस तिच्या खाली शिरला की त्यास नकळत मान वर करावी लागते. वर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले दिसते : हत्तीवर स्वार झालेला सिंह. ते चिन्ह पाहण्यासाठी शिल्पकाराने माणसास जेवढी मान वर करावयास लावली, तेवढी मान एखाद्या सरळसोट उंच इमारतीसमोर क्वचितच वर होते. कारण तेथे पाहण्याजोगे वर काही नसतेच.

या अरुंद कमानीतून आज दुचाक्या, ऑटोरिक्षा आणि मोटारी यांची रीघ लागलेली असते. शहराचा मुख्य रस्ता येथूनच जात असल्याने सायंकाळी कोंडी ठरलेली. दरवाजाच्या बाजूने तट फोडून रस्ता काढावा, अशी सूचना अधूनमधून होते. ती करणाऱ्यांची अडचण खोटी नाही. रुग्णवाहिका अडकून पडली की तटाचे कौतुक कोणास सुचणार? परंतु तट हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्मारक आहे आणि त्याचा दगड हलविणे नगरपालिकेच्या वा महानगरपालिकेच्या अखत्यारीतील गोष्ट नव्हे.

येथेच घरांच्या ठेंगणेपणाचा उलगडा होतो. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा भाग नियंत्रित मानला जातो. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम करता येत नाही. असलेल्या घराची दुरुस्ती वा नूतनीकरण करावयाचे तरी परवानगी घ्यावी लागते. नियंत्रित भागात नवे बांधकाम परवानगीने होऊ शकते. एखाद्या एकट्या देवळाभोवती ३०० मीटरचे वर्तुळ आखले तर त्यात काही वाडे आणि काही शेते येतील. परंतु ११ किलोमीटर लांबीच्या वाकड्यातिकड्या रेषेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा आखला की जुन्या शहराचा केवढा तरी भाग त्यात सापडतो. शिवाय तटाच्या आत समाध्या आहेत, देवळे आहेत. त्यांची वर्तुळे वेगळी.

अशा घरात राहणाऱ्या कुटुंबाची बाजू ऐकल्याखेरीज तटाचे गुणगान करणे अन्यायाचे होईल. भाऊ-भाऊ वेगळे झाले, मुलाचे लग्न झाले, एक खोली वर चढवावयाची आहे. इतर गावांत हा गवंड्याशी बोलण्याचा विषय असतो, येथे तो अर्ज, नकाशा आणि प्रतीक्षा यांचा विषय होतो. त्यातून मग विनापरवाना बांधकामे होतात, नोटिसा निघतात आणि तटाविषयी मनात अढी बसते. ज्या भिंतीने पूर्वजांना आसरा दिला तीच वंशजांना अडसर वाटू लागावी, ही स्थिती स्मारकासही हितावह नाही. कोणत्या परवानगीसाठी कोठे जावे, दुरुस्ती कशास म्हणावे आणि नवे बांधकाम कशास, हे सोप्या मराठीत छापून प्रत्येक प्रभागात लावले तरी तक्रारींचा मोठा भाग मिटण्याजोगा आहे. कायदा पाळून घेणाऱ्या अधिकाऱ्याने तो समजावूनही दिला पाहिजे.

तटाशी नागरिकांचे नाते पुन्हा जुळविण्याचे काम मात्र कायद्याने नव्हे, कुऱ्हाडी-कोयत्यांनी झाले. वर्षानुवर्षे तटावर झाडोरा माजला होता. पिंपळ-वडाची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरली होती, बुरुजांवर कचरा साचला होता. २०१७ मध्ये बंडू धोतरे यांच्या इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रोज सकाळी तटावर जाऊन झुडपे तोडावयास व कचरा उचलावयास प्रारंभ केला. महिने उलटले तरी काम थांबले नाही. त्याच वर्षी पंतप्रधानांनी आपल्या ‘मन की बात’ या नभोवाणी कार्यक्रमात या कामाचा उल्लेख केला. ज्या तटावर चढावयास वाट उरली नव्हती त्यावरून लोक फिरू लागले. शहराच्या सर्वांत जुन्या उंचीवरून शहर पाहण्याची संधी अनेकांना आयुष्यात प्रथमच मिळाली.

अंचलेश्वर दरवाजाजवळची गोंड राजांची समाधिस्थळे ही याच दगडी कुळातील. त्यांत राजा बीरशहाची समाधी सर्वांत डौलदार. बीरशहाच्या मृत्यूनंतर १७०४ ते १७१९ या काळात राणी हिराईने राज्य चालविले. तिने दत्तक घेतलेला रामशहा अल्पवयीन होता आणि राज्याची घडी सांभाळण्याचे काम तिच्यावर येऊन पडले. पतीची समाधी आणि महाकालीचे मंदिर या दोन्ही वास्तूंचे कर्तेपण तिच्याकडे जाते. पत्नीने पतीसाठी उभारलेले स्मारक म्हणून प्रवाशांना तिची तुलना ताजमहालाशी करून सांगण्याची रीत पडली आहे. ही तुलना टाळलेली बरी. ताजमहालाच्या मागे मोगल साम्राज्याचा खजिना होता. येथे एका वनप्रदेशातील राज्याची राणी होती. ही समाधी आपल्या मापातच सुंदर आहे, तिला उसना दागिना कशाला? महाकालीच्या मंदिरात तर चैत्रातील यात्रेस मराठवाड्यातून आणि तेलंगणातून यात्रेकरू येतात, झरपटेत स्नान करतात आणि देवीच्या दर्शनास रांग लावतात. हिराईने बांधलेल्या दोन वास्तूंपैकी एक अशी गजबजलेली, आणि दुसरीत बहुधा पारव्यांचा घुमण्याचा आवाज.

तटाबाहेर लालपेठेत याच मालिकेतील एक न झालेली वास्तू आहे. दशमुखी दुर्गा आणि इतर देवतांच्या अवाढव्य एकाश्म मूर्ती तेथे उघड्यावर आहेत. रायप्पा नावाच्या एका धनवान व्यापाऱ्याने आजवर झाले नाही एवढे मोठे देऊळ बांधण्याचा घाट घातला, मूर्ती आधी घडविल्या आणि देऊळ उभे राहण्यापूर्वीच तो मरण पावला, असे सांगतात. मूर्तींच्या आकारावरून त्या देवळाचे शिखर केवढे झाले असते याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. बांधून झालेल्या उंच वास्तूंइतकीच ही न बांधलेली वास्तूही चंद्रपूरच्या जुन्या माणसांना प्रिय आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी वैनगंगेच्या पलीकडचे सारे अरण्य चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. म्हणून चंद्रपूरच्या उंच वास्तूंची यादी मार्कंडा गाठल्याखेरीज पुरी होत नाही. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा उत्तरवाहिनी होते त्या वळणावर मार्कंडेश्वराचा देवळांचा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या सुमारास मध्य प्रांतांचा दौरा केला, त्या अहवालात या देवळांचे सविस्तर वर्णन आहे. भिंतींवर मूर्तींच्या ओळींवर ओळी. ‘विदर्भाचे खजुराहो’ हे विशेषण लोकांनी त्यावरूनच चिकटविले. मुख्य मंदिराच्या शिखरावर अठराव्या शतकात वीज पडली आणि त्याचा वरचा भाग ढासळला, असे मानले जाते. सपाट नदीकाठावर जे सर्वांत उंच असते त्यावरच वीज पडते; उंचीचा हा धोका त्या काळच्या सूत्रधारास टाळता येण्याजोगा नव्हता. अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व सर्वेक्षणाने शिखराचे दगड उतरवून ते पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले. ते रेंगाळत गेले आणि भाविकांत नाराजी पसरली. उतरविलेला प्रत्येक दगड पुन्हा त्याच जागी बसला पाहिजे, हे काम घाईचे नाही हे खरे. पण महाशिवरात्रीच्या यात्रेस येणाऱ्या माणसाने शिखराविना मंदिराचे दर्शन किती वर्षे घ्यावे, हाही प्रश्न रास्तच आहे.

आलापल्लीच्या अरण्यात तर उंचीचे मोजमाप माणसाच्या हातून सुटते. ‘आलापल्लीचे वनवैभव’ म्हणून ओळखला जाणारा सुमारे ६ हेक्टरांचा तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीपासून राखून ठेवण्यात आला आहे. २०१४ मध्ये त्यास जैवविविधता वारसास्थळ घोषित करण्यात आले. महाराष्ट्रातील हे असे पहिलेच स्थळ. तेथील साग शंभर फुटांवर जातात. खोड खालपासून पुष्कळ उंचीपर्यंत सरळ, फांदीविना. या दोन जिल्ह्यांच्या सागाची कीर्ती जुनी आहे. २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिरासाठी लागणारे सागवान बल्लारपूरच्या आगारातून रवाना झाले. म्हणजे दूरदेशीच्या वास्तूंना हा प्रदेश लाकूड पुरवितो आणि स्वतः मात्र कौलारू घरात राहतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कौलारू घरच येथील उन्हाळ्यास उपकारक आहे.

आता धुराडी. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. पुढे संच वाढत गेले. २१० मेगावॉटचे चार, ५०० मेगावॉटचे तीन. २०१६ मध्ये ५०० मेगावॉटचे आणखी दोन संच चालू झाले. सर्वांत जुने दोन संच निवृत्त झाल्यानंतर केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट राहिली. कोळसा जवळच्या खाणींतला आणि पाणी इरई धरणाचे. नागपूरहून रेल्वेने येणाऱ्या प्रवाशास भद्रावती मागे पडल्यावर क्षितिजावर प्रथम दिसतात ती ही धुराडी, तटाचे बुरूज नव्हेत. ताडोबाकडे मोहर्लीच्या रस्त्याने रात्री जाणाऱ्यास त्यांच्या माथ्यावरचे तांबडे दिवे दिसतात. विमानांना इशारा म्हणून ते लावलेले असतात.

एवढी उंची कशासाठी? पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियमांत २०० मेगावॉटहून मोठ्या संचांसाठी २२० मीटर आणि ५०० मेगावॉट व त्याहून मोठ्या संचांसाठी २७५ मीटर उंचीचे धुराडे आवश्यक ठरविण्यात आले. २७५ मीटर म्हणजे दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या जवळजवळ चौपट. धूर जितका उंचावरून सुटेल तितका तो अधिक हवेत मिसळून मगच जमिनीस लागतो. स्थूलमानाने असे म्हणतात की उंची दुप्पट केली तर जमिनीवरील धुराचे कमाल प्रमाण चौथ्या हिश्शावर येते. राख पकडण्यासाठी धुराड्याच्या आधी विजेवर चालणारी यंत्रणा असते. राखेचे कण विद्युत्भारित होऊन पत्र्यांना चिकटतात आणि खाली झटकले जातात. आपल्याकडील कोळशात राखेचा अंश तिसऱ्या हिश्शाच्या घरात असल्याने ही यंत्रणा नीट चालणे हे धुराड्याच्या उंचीपेक्षाही महत्त्वाचे.

कारण उंची धूर पसरविते, संपवीत नाही. शहराला लागणारा धूर दूरच्या गावांना थोडाथोडा वाटून दिला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषण निर्देशांकानुसार यादी केली, तीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर आले. ही उंची कोणासच मिरविण्याजोगी नव्हती. त्या गुणांत एकट्या वीज केंद्राचा नव्हे, खाणी, इतर कारखाने आणि वाहतूक यांचाही वाटा धरला पाहिजे. तरीही रात्री दिवा लावणाऱ्या महाराष्ट्राने हे स्मरणात ठेवावे की त्या दिव्याचा धूर चंद्रपूरकर श्वासाबरोबर घेतो.

असे असूनही धुराडी चंद्रपूरकराच्या आवडीच्या यादीत का येतात? त्याचे उत्तर ऊर्जानगरच्या वसाहतीत मिळते. तेथे एक अख्खी पिढी या धुराड्यांच्या पायथ्याशी जन्मली, शाळेत गेली. वडील कोणत्या संचावर आहेत, हे त्या मुलांना घरच्या पत्त्यासारखे पाठ असे. जवळचे शीतलन मनोरे, कमरेत आत गेलेले, डमरूसारखे. त्यांतून निघणारे पांढरे लोट म्हणजे धूर नव्हे तर वाफ, हे पाहुण्यांना समजावून सांगण्यात त्या मुलांना मोठी ऐट वाटे. अशा आवडीत अभिमान असतो आणि काळजीही असते. तटाची आवडही तशीच आहे.

या दोन जिल्ह्यांतील शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. एक मीटर लांबीची काठी उन्हात उभी करावी आणि तिची सावली मोजावी. त्याच वेळी जटपुरा दरवाजाची, गावच्या देवळाची वा वेशीवरच्या जुन्या चिंचेची सावली मोजावी. उंचीचा हिशेब सातवीच्या मुलास येतो. झाड असेल तर ते माप गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहून ठेवता येते; २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ही नोंदवही गावपातळीवर ठेवावयाची असते, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यातील पाने अद्याप कोरी आहेत. जुनी गढी, बुरूज वा समाधी असेल तर तिची नोंद ग्रामपंचायतीने आपल्या दप्तरी करून ठेवावी. उद्या दगड हलले तर किती हलले हे तरी सांगता येईल. धुराड्याच्या बाबतीत मात्र काठी अपुरी पडते. त्याची सावली कुंपणापलीकडे, रस्त्यापलीकडे जाते आणि तिचे टोक मुलांच्या हाती लागत नाही. तेथे दोन ठिकाणांहून कोन मोजून उंची काढावी लागते, आणि ते गणित दहावीच्या वर्गात येते.